गोदावरी नौकानयन योजना : अपेक्षा आणि नदीचे ऋतुमान

मोहर्लीच्या रानात पडलेले पावसाचे पाणी इरई नदीच्या मार्गाने वर्धेस मिळते. पुढे चपराळ्याजवळ वर्धा व वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता निर्माण होते आणि ती सिरोंच्यापाशी गोदावरीत विलीन होते. याच जलमार्गाने हिंगणघाटचा कापूस थेट पूर्व समुद्रापर्यंत नेण्याची योजना एकोणिसाव्या शतकात हाती घेण्यात आली होती. ती का फसली, हा प्रश्न केवळ स्थापत्यशास्त्राचा नाही. दूरस्थ धुरीणांच्या अपेक्षांना वेळीच मर्यादा कोणी घालावी, असाही तो प्रश्न आहे.

धवळेश्वरम् येथील बंधारा १८५२ मध्ये पूर्ण झाल्यावर आर्थर कॉटन यांचा लौकिक वाढला. गोदावरीच्या मुखाशी जे साधले ते वरच्या भागातही साधेल, असा विश्वास त्यातून बळावला. तथापि मुखाकडील प्रदेश गाळाचा, तर वरची नदी खडकाळ. दुम्मगुडेम, इंचमपल्ली आणि अहेरीच्या बाजूचे देवलमरी या तीन ठिकाणी खडकांच्या रांगांनी पात्र अडविले होते. एफ. टी. हेग यांनी १८५६ च्या अहवालात नदीच्या नाव्यतेचा विचार केला. बंधारे, कालवे आणि नावांना पातळी बदलून चढविणारी दारे बांधून हे अडथळे ओलांडावयाचे, असा पुढील कामाचा आराखडा होता.

मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी १८५७ मध्ये कापूस-पुरवठ्यासाठी संघ स्थापन केला होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटताच त्यांचे दडपण भारतमंत्री चार्ल्स वुड यांच्यावर वाढले. तत्पूर्वीच, १८६० च्या तहान्वये, निजामाने गोदावरी व वैनगंगेचा डावा तीर सोडून दिला होता. नागपूरचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल हेही योजनेचे पुरस्कर्ते होते. अशा रीतीने लंडन, मद्रास, नागपूर व हैदराबाद ही चार सत्ताकेंद्रे एका नदीवर येऊन ठेपली.

परंतु ‘नाव्य’ हे विशेषण कोणत्या महिन्यात, किती पाण्यात व किती भाराच्या नावेसाठी, हे सांगितल्यावाचून अपुरेच राहते. प्राणहितेला भरपूर पाणी असते ते पावसाळ्यात व त्यानंतरच्या थोड्या काळात. कापसाची वेचणी मात्र शरदाच्या अखेरीस सुरू होते. सरकी काढून व गाठी बांधून माल निघेपर्यंत हिवाळा सरू लागतो आणि नदी उतरलेली असते. म्हणजे खडक फोडले तरी माल व पाणी यांची गाठ पडणे कठीणच होते. गिरण्यांची निकड महिन्यांची होती, बांधकामाची मुदत वर्षांची. आणि रानातील ताप व मजुरांची टंचाई ही मुदत लांबविणारीच होती.

१८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले. १८६७ मध्ये मुंबईहून लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि बारमाही वाटेपुढे ऋतुबद्ध वाट फिकी पडली. अखेर १८७१ मध्ये नदीवरील काम थांबविण्यात आले.

या अपयशाचे खापर केवळ लंडनवर फोडणे न्याय्य होणार नाही. वरिष्ठांनी अवास्तव मागणी करावी, यात नवल नाही. पण तिला होकार देणाऱ्याने त्या होकारासोबत नदीचा उन्हाळाही मांडला पाहिजे. नदी नाव्य करता येईल काय, हा प्रश्न पुष्कळ विचारला गेला. कापूस घाटावर येईल तेव्हा ती नाव्य असेल काय, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. आणि त्याचे उत्तर नदीकाठच्या कोणाही नावाड्याला ठाऊक असण्याजोगे होते.