गिरणीचे छप्पर

मुंबईच्या गिरण्यांची करवतदाती छपरे आमच्या पिढीने पाहिली. सूत नीट दिसावे म्हणून काचा उत्तरेकडे असत. उजेड येई, ऊन नाही. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या. पुढे तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांना भरदिवसाही वीज लागते.

नॉर्वेतील ट्रोंडहाइमच्या जुन्या बंदरभागात २०१९ साली उभारलेले ‘पॉवरहाउस’ हे कार्यालय मात्र वापराहून अधिक वीज निर्माण करते. आधी भिंती उष्णतारोधक करून गरज घटविली, मग तिरप्या छपरावर सौरपट बसविले.

आमच्या सिल्वासाजवळ पिपरियात १९६५ च्या सुमारास औद्योगिक वसाहत झाली. तेथील जुन्या शेडच्या जागी उद्या कार्यालये उठतील. ऊन आपल्याकडे नॉर्वेहून उदंड. म्हणून नकाशा मंजूर करतानाच छपराची दिशा तपासली जावी. इमारत उभी राहिल्यावर ती फिरविता येत नाही.