जनार्दन नवले यांची कारकीर्द

कसोटी सामन्यात भारताच्या वतीने पहिला चेंडू कोणी खेळला, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी सी. के. नायडूंचे नाव घेतात. तो मान यष्टिरक्षक जनार्दन नवले यांचा. जून १९३२मध्ये लॉर्ड्‌सवर ते नाउमल जाउमल यांच्यासह सलामीला उतरले. दोन डावांत त्यांच्या धावा १२ आणि १३. पुढे डिसेंबर १९३३मध्ये मुंबई जिमखान्यावर, भारतभूमीवरील पहिल्या कसोटीत, १३ आणि ४. त्या सामन्यातले लाला अमरनाथांचे शतक सर्वांच्या स्मरणात राहिले. कोलकात्याच्या पुढच्याच कसोटीत यष्टींमागे दिलावर हुसेन उभे होते. नवले यांची कसोटी कारकीर्द तेथेच संपली.

'कारकीर्द' हा शब्द आपण फारसीतून घेतला. जुन्या मराठीत तो राजाच्या किंवा अंमलदाराच्या अमलासाठी येतो. खेळाडूला तो आपण फार उशिरा बहाल केला, आणि नवले यांच्या काळात तर खऱ्या अर्थाने कारकीर्द असे ती संस्थानिकांचीच. १९३२च्या दौऱ्याचे कर्णधारपद पोरबंदरच्या महाराजांकडे होते; कसोटीत ते बाजूला राहिले म्हणून नायडूंनी नेतृत्व केले.

लॉर्ड्‌सच्या त्याच सामन्यात इंग्लंडकडून यष्टिरक्षण करणारे लेस एम्स हे केंट परगण्याचे पगारी खेळाडू होते. तेथे हौशी आणि पगारी असा भेद १९६२पर्यंत रीतसर पाळला जाई. तो अपमानकारक होता यात शंका नाही, पण त्यातल्या 'पगारी' या शब्दामागे हंगामभराचे सामने आणि ठरलेले वेतन होते. एम्स ४७ कसोट्या खेळले, १९५०मध्ये निवड समितीवरही गेले. पगारी खेळाडू आपल्याकडेही होते: पळवंकर बाळू यांनी पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यात मासिक चार रुपयांवर मैदान राखले आणि साहेबांना गोलंदाजी केली. मात्र त्या पगाराला पेशा म्हणणे आम्हांला जड जाते. ती चाकरी होती.

नवले अल्पायुषी ठरले ते केवळ त्या ४२ धावांमुळे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९३२ ते १९३६ या काळात भारत एकूण सातच कसोट्या खेळला आणि त्यानंतर थेट १९४६पर्यंत एकही नाही. पौगंड वयात चौरंगी सामन्यांत हिंदूंकडून चमकलेल्या या माणसाला उमेदीच्या वर्षांत मोजण्याजोगे सामनेच मुळात कमी होते. त्यांच्यानंतर आलेले रत्नागिरीचे दत्ताराम हिंदळेकर मुंबईच्या बंदरात नोकरी करीत खेळले आणि १९४९मध्ये, चाळिशीतच, हलाखीत गेले.

उत्तरायुष्यात नवले साखर कारखान्यात पहारेकरी होते. पुण्यात दोन खोल्यांत राहत. ७ सप्टेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे वय ७६ होते.