मैदानावरचे चार कर्णे



आपली रोजची प्रार्थना व्हरांड्याच्या दोन टोकांना टांगलेल्या दोन कर्ण्यांतून ऐकू यायची. स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर मला त्यांचाच इतिहास आठवला. त्यातले एक पान माझ्या नावावर आहे.

कर्णा तसा फार जुना नाही. अमेरिकेत जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ध्वनिवर्धकाचे जाहीर प्रात्यक्षिक केले. आपल्याकडे मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने १९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनात कर्णे लावले. नाव परदेशी, कंपनी मात्र इथलीच. पुढे तिचा कारखाना नाशिक रोडला होता. नेहरूंच्या जुन्या फोटोंत माइकवर हेच नाव दिसते. एक आवाज हजारो लोकांपर्यंत न्यायचा तर एक कर्णा पुरत नाही, अनेक लावावे लागतात. मग त्या तारांचे गणित सांभाळावे लागते.

ते गणित मी नववीत चुकवले. साल १९९४, १७ सप्टेंबर. १९४८ मध्ये या दिवशी निजामाची राजवट संपली, म्हणून आपल्याकडे मुक्तिदिनाचे झेंडावंदन असते. मागच्या रांगांना भाषण ऐकू येत नाही, ही नेहमीची तक्रार. त्यात गणपतीचे दिवस, त्यामुळे गुलमंडीपासून सिडकोपर्यंत भाड्याने कर्णा मिळेना. आदल्या संध्याकाळी शिपाईमामा चहाला गेले असताना मी अडगळीतले दोन कर्णे काढले आणि आधीच्याच तारांना जोडून टाकले. कुणाला विचारले नाही.

पाहुणे मुक्तिसंग्रामातले वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिक होते. सुरुवातीला आवाज दणदणीत आला. पाच मिनिटांत जळका वास सुटला आणि सगळे बंद पडले. आजोबा तसेच बोलत राहिले, पण मागच्या रांगांना एक शब्दही कळला नाही. ज्यांच्यासाठी खटाटोप केला, तेच उपाशी राहिले.

मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मामा म्हणाले, “लाइट कमी-जास्त झाली, सर.” बोलणी त्यांनी खाल्ली. मी गप्प उभी होते.

आठवड्याने त्यांनी मला मशीनची मागची बाजू दाखवली. “पोरी, आकडा वाचायचा असतो.” प्रत्येक कर्णा १६ ओहमचा. दोन समांतर जोडले की ८ ओहम. म्हणून तार ८ च्या स्क्रूवर होती. चार जोडले की ४. भार दुप्पट झाला, तार मात्र ८ वरच राहिली. शेजारीच ४ चा स्क्रू होता! लांबच्या कर्ण्यांसाठी तर १०० व्होल्टची लाइन असते. प्रत्येक कर्ण्याला छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा आणि फक्त वॅटची बेरीज करायची: १०० वॅटच्या मशीनवर १० वॅटचे दहा. व्होल्टेज जास्त, म्हणून प्रवाह कमी आणि तारेत वाया जाणारी वीजही कमी. विजेच्या मोठ्या लाइनींचे तत्त्व हेच.

पुढे इंजिनिअरिंगला हे सगळे पुन्हा शिकले, तेव्हा ते मला आधीच येत होते. आज सर्व्हरवर किती भार टाकायचा हे ठरवताना आधी आकडा वाचते.

मेळाव्याला मामा येणार आहेत असे कळले. म्हणून सर, इतक्या वर्षांनी सांगते: त्या दिवशी लाइट व्यवस्थित होती. तारा मी जोडल्या होत्या.