क्लोरीन, पालापाचोळा आणि रॉटरडॅमचा शोध

मागच्या वेळी आपण १९०८ सालच्या जर्सी सिटीपाशी थांबलो होतो. डॉ. जॉन लील यांनी बूनटनच्या जलाशयातून येणाऱ्या पाण्यात क्लोरीन घालायला सुरुवात केली. पुढे शहरोशहरी ही पद्धत गेली आणि विषमज्वर ओसरत गेला. प्रश्न सुटला, असंच सगळ्यांना वाटलं. त्या सुटलेल्या प्रश्नातून दुसरा कसा निघाला, ते आज पाहू.

धरणात नुसतं पाणी येत नाही. पाणलोटातला पालापाचोळा, कुजलेलं गवत, माती, शेवाळ यांतले सेंद्रिय पदार्थ चहाच्या अर्कासारखे पाण्यात उतरतात. पाण्याला पिवळसर झाक येते ती बहुधा यांच्यामुळेच. विरघळलेले असल्याने फडक्याने गाळून ते जात नाहीत. रंग सोडला तर यांचा उपद्रव काही नाही, असा समज होता.

तो मोडला रॉटरडॅममध्ये. तिथल्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रोक आधी बिअरच्या धंद्यात होते. बंद बाटलीत द्रवाच्या वर साचलेली हवा तपासायची, ही तिथली युक्ती त्यांनी पाण्याला लावली. नदीच्या पाण्यात नसलेलं क्लोरोफॉर्म क्लोरीन दिलेल्या पाण्यात सापडलं! १९७४ साली त्यांनी कारण मांडलं: क्लोरीन आणि ते निरुपद्रवी वाटणारे सेंद्रिय पदार्थ यांच्या संयोगातून ते तयार होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनाही हेच आढळलं. १९७६ मध्ये क्लोरोफॉर्ममुळे उंदरांना कर्करोग होतो असा अहवाल आला, आणि १९७९ मध्ये अमेरिकेने या वर्गातल्या संयुगांवर लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली.

मग क्लोरीन बंद करायचं का? इथे आपण घाई करायची नाही, बरं का. जंतू आज मारतात. या संयुगांचा धोका वर्षानुवर्षांचा. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, की ही संयुगं कमी करण्याच्या नादात निर्जंतुकीकरणात कसूर नको. नेदरलँड्सने पुढे क्लोरीन सोडलं खरं, पण शुद्धीकरणाचे इतर टप्पे आणि जलवाहिन्या भक्कम करून.

बाकीच्यांनी मुख्यतः क्रम बदलला. आधी सेंद्रिय पदार्थ काढायचे, क्लोरीन नंतर. आणि काढायचे कशाने? तर तुरटीने! आपल्या आज्या हंड्यात फिरवायच्या तीच. मात्र मात्रा आणि पाण्याची आम्लता नेमकी साधावी लागते, तरच विरघळलेला अंशही गाळाबरोबर खाली बसतो.

तेव्हा धरणाच्या काठचं रान आणि आपल्या नळाचं पाणी, या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. पाण्याचा इतिहास आपल्याला हेच शिकवतो.