चौकटीचे प्रमाण, चित्रपटाच्या
चित्रपटाच्या चौकटीची रुंदी व उंची ह्यांचे गुणोत्तर. दूरचित्रवाणी संचाच्या पडद्याचे प्रमाण ठरीव असते. चित्रपटांचे प्रमाण मात्र काळानुसार बदलत गेले. त्यामुळे एकाच पडद्यावर निरनिराळ्या प्रमाणांचे चित्रपट कसे दाखवावयाचे, हा प्रश्न उद्‌भवतो. पुण्यात निर्माण झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या बाबतीत तो विशेष महत्त्वाचा आहे.

मूकपटांच्या काळात ३५ मिमी. फितीवरील चौकट ४ : ३ (१·३३ : १) ह्या प्रमाणाची असे. बोलपटात फितीच्या कडेला ध्वनिपट्टीसाठी जागा सोडावी लागली. १९३२ मध्ये अमेरिकेत १·३७ : १ हे प्रमाण निश्चित झाले व ते अन्यत्रही रूढ झाले. पुढे दूरचित्रवाणीने ४ : ३ हेच प्रमाण स्वीकारले. घरबसल्या चित्रे पाहणाऱ्या प्रेक्षकाला चित्रपटगृहाकडे पुन्हा वळविण्यासाठी हॉलिवुडने १९५३ मध्ये सिनेमास्कोप पद्धती आणली. तीत विशिष्ट भिंगाने दृश्य आडवे दाबून फितीवर घेतात व प्रक्षेपणाच्या वेळी ते पुन्हा पसरवितात. भारतातील ह्या पद्धतीचा पहिला चित्रपट कागज के फूल (१९५९) होय. त्याचे दिग्दर्शक गुरुदत्त ह्यांची चित्रपटसृष्टीतील उमेदवारी पुण्यास प्रभातमध्येच झाली होती.

२·३५ : १ प्रमाणाचा असा चित्रपट ४ : ३ पडद्यावर पूर्ण भरावयाचा, तर त्याच्या रुंदीचा सु. ४३ टक्के भाग कापावा लागे. संवाद करणाऱ्या दोन पात्रांपैकी एक त्यामुळे दिसेनासे होई. आजच्या रुंद संचांचे १६ : ९ (१·७८ : १) हे प्रमाण १·३३ व २·३५ ह्यांच्या गुणोत्तर-मध्याजवळचे आहे, म्हणजे दोन्ही टोकांच्या चित्रपटांसाठी ती एक तडजोड आहे.

ह्या संचावर चित्र तीन प्रकारे दाखविता येते. पहिल्या प्रकारात संपूर्ण चौकट राखून उरलेली जागा काळी ठेवतात. सिनेमास्कोप चित्रपटात हे पट्टे वर व खाली, तर जुन्या बोलपटात दोन्ही बाजूंना येतात. दुसऱ्या प्रकारात चित्र मोठे करून पडद्याबाहेर जाणारा भाग कापतात. १·३७ प्रमाणाच्या चित्राची सु. २३ टक्के उंची त्यात नष्ट होते. तिसऱ्या प्रकारात चित्र आडवे ताणतात. त्यामुळे ४ : ३ प्रमाणाच्या चित्रातील वर्तुळाचे लंबवर्तुळ होते व माणसे एकतृतीयांशाने रुंद दिसतात.

प्रभातच्या संत तुकाराम (१९३६) ह्या चित्रपटाचे उदाहरण घेतल्यास हा फरक स्पष्ट होतो. विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ह्या चित्रपटात विष्णुपंत पागनीस ह्यांनी तुकारामांची भूमिका केली. त्याच्या शेवटी गरुडविमानातून तुकारामांचे वैकुंठगमन दाखविले आहे. खालून वर जाणाऱ्या अशा दृश्याचा अर्थ चौकटीच्या उंचीवर अवलंबून असतो. वरचा व खालचा भाग कापला, तर आकाश आणि भूमी ह्यांतील अंतरच नाहीसे होते. चित्र ताणले, तर पागनीसांची देहयष्टीच बदलते. मोकळा पडदा पाहून चित्र अपुरे आहे असा पुष्कळ प्रेक्षकांचा समज होतो. वस्तुतः पडदा भरलेला असतानाच ते अपुरे वा विकृत असण्याचा संभव असतो.

पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने (स्थापना १९६४) जुन्या चित्रपटांच्या फिती जतन केल्या. परंतु फीत सुरक्षित राहिली, तरी प्रक्षेपक वा संच हाताळणारी व्यक्ती तिच्यातील चित्र बिघडवू शकते. संचावर मूळ प्रमाणाची योजना केल्यास ही हानी टळते. मात्र प्रसारणापूर्वीच चित्र कापलेले असल्यास गेलेला भाग संचाला परत आणता येत नाही. म्हणून चित्रपटाचे जतन करताना त्याच्या चौकटीचे मूळ प्रमाण नोंदविणे आणि प्रसारणात ते पाळणे, ही दोन्ही कामे जतनाचाच भाग ठरतात.