ईव्ह, ईव्हॉन आणि सावित्री

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार १९५५ साली झाला आणि तेथील पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्या भट्टीभोवती जे नगर वसले त्यात मराठी, बंगाली, तेलुगू, मल्याळी, पंजाबी अशी कुटुंबे भिंतीला भिंत लावून नांदू लागली. काही काळ रशियन तंत्रज्ञांची बिऱ्हाडेही त्यांच्या शेजाराला होती. अशा गावात मुलीचे नाव ठेवताना पंचांगाइतकाच शेजाऱ्याच्या जिभेचाही विचार करावा लागतो. तेथील एखाद्या मराठी घरात बारशाच्या आदल्या दिवशी ‘ईव्ह’ ठेवावे की ‘ईव्हॉन’, असा वाद निघाला, तर आजी कपाळाला हात लावील. परंतु त्यात अगदीच नवे असे काही नाही. ही दोन्ही फ्रेंच नावे एकाच मुलीला मिळाली होती, आणि ती मुलगी पुढे एका मराठी घराची सून झाली.

देवनागरीत लिहिली म्हणजे ही दोन नावे सख्ख्या बहिणींसारखी दिसतात. हा आभास काही अंशी आपल्या इंग्रजी शिक्षणाचा आहे. फ्रेंच माणूस पहिल्या नावाचा उच्चार ‘एव्ह’ असा करतो. अर्थाने तर या नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. ईव्ह हे बायबलातील आदिमातेचे नाव. त्याचे मूळ हिब्रू असून त्याचा संबंध ‘जीवन’ या अर्थाशी जोडला जातो. ईव्हॉन हे ईव्ह याच उच्चाराशी जुळणाऱ्या, पण निराळ्या अक्षरांनी लिहिल्या जाणाऱ्या ‘ईव्ह’ या पुरुषनामावरून आलेले. त्याचे मूळ जर्मानिक, आणि अर्थ ‘यू’ नावाचा सदाहरित वृक्ष, ज्याच्या चिवट लाकडाची धनुष्ये युरोपात नावाजलेली होती. ब्रिटनी प्रांतातील याच नावाचा एक संत १३०३ साली वारला. वकील लोक त्याला आपला पाठिराखा मानतात. आपल्याकडे वनिता आणि वनजा यांचे असेच आहे. वनजेत वन आहे. वनितेत मात्र अरण्य नसून प्रीतीचा धातू आहे.

या दोन नावांतील भेद युरोपात एके काळी धर्मभेदापर्यंत जाऊ शकत होता. १५४६ साली जिनीव्हात एका पित्याने आपल्या मुलाचे नाव ‘क्लोद’ ठेवण्याचे ठरविले होते. धर्मोपदेशकाने बाप्तिस्म्याच्या वेळी परस्पर ‘अब्राहम’ असे नाव उच्चारले आणि देवळात गोंधळ उडाला. ज्या संतांची आसपास पूजा चाले त्यांची नावे कॅल्व्हिनच्या अनुयायांना नको होती. बायबलातील नावे हवी होती. पुढे फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने पंचांगातील आणि प्राचीन इतिहासातील नावांपुरतीच मुभा ठेवली, आणि ते बंधन १९९३ पर्यंत टिकले. सरकारी दफ्तराला नावाची एवढी काळजी का असावी, हे दफ्तरेच जाणोत!

आपल्या शास्त्रकारांनीही या बाबतीत मागे राहू दिलेले नाही. मनुस्मृतीच्या मते मुलीचे नाव उच्चाराला सोपे, अर्थाने स्पष्ट, मंगल आणि दीर्घ स्वरान्त असावे. या कसोटीवर ईव्ह आणि ईव्हॉन दोन्ही शेवटच्या अक्षरावर अडखळतात. त्याच ग्रंथात पुढे, नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली वधू करू नये, असेही सांगितले आहे. म्हणजे वृक्षवाचक ईव्हॉन दुहेरी बाद! महाराष्ट्राने मात्र हा निषेध कधी मनावर घेतला नाही. गंगा, यमुना, गोदावरी घरोघर होत्या. त्यांची नावे बदलली ती मनूमुळे नव्हे, सासरच्या रिवाजामुळे. तांदळाच्या ताटात नवे नाव लिहिले की माहेरचे पुसले जाई. कल्याणची एक यमुना १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, आनंदीबाई जोशी झाली. त्याच्या आदल्या वर्षी दुसरी एक यमुना रमाबाई रानडे झाली होती. ताटातले नाव आवडले का, असे त्या वयाच्या मुलींना विचारण्याची पद्धत नव्हती, आणि ही उणीव रिवाजाच्या गोडव्याने झाकण्याजोगी नाही.

स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे २० जुलै १९१३ रोजी जन्मलेल्या ईव्ह ईव्हॉन मादाय द मारोश हिची गोष्ट निराळी. वडील हंगेरियन, आई रशियन. विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्यासाठी ती समुद्र ओलांडून आली आणि १९३२ साली विवाहबद्ध होऊन सावित्रीबाई झाली. येताना ती बालिका नव्हती. एकोणीस वर्षांची, स्वतःचा वर स्वतः निवडणारी तरुणी होती. महाभारतातील सावित्रीनेही नेमके तेच केले होते. हे नाव तीन अक्षरी, दीर्घ ईकारान्त; मनूलाही खोट काढता आली नसती.

नावापुरती मराठी होऊन ती थांबली नाही. मराठी, हिंदी, संस्कृत या भाषा तिने आत्मसात केल्या, महाराष्ट्रातील संतांवर ग्रंथ लिहिला, आणि संस्कृत नावांचा एक कोशही रचला. पाळण्यातली दोन्ही नावे मागे ठेवून आलेल्या स्त्रीने नावांचाच कोश करावा, यापेक्षा बोलके काय असणार? मेजर जनरल हिरालाल अटल यांच्या सांगण्यावरून तिने परमवीर चक्राची आकृती योजिली: मधोमध राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे. ते पदक २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले. त्याच्या मागील बाजूस कमळे आहेत, परंतु आकृती करणारीचे नाव नाही. पतीचे १९५२ साली निधन झाले. सावित्रीबाई २६ नोव्हेंबर १९९० रोजी निवर्तल्या.

त्यांना दोन मुली होत्या. त्यांची नावे कुमुदिनी आणि मृणालिनी. कानाला ही जोडी ईव्ह–ईव्हॉन इतकीच जवळची आहे. फरक एवढाच, की इथे दोन्ही नावे खरोखरच कमळाच्या कुळातली आहेत.