गॅलेना: ज्या गावाच्या नावाने रेल्वे कंपनी निघाली, तिथे तिची गाडी कधी पोचलीच नाही!

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या वायव्य टोकाला, मिसिसिपी नदीपासून काही मैलांवर गॅलेना नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम सव्वातीन हजार. पण एकेकाळी शिकागोचे व्यापारी या गावाकडे आशेने बघायचे.

कारण होतं शिसं. गॅलेना हे शिशाच्या खनिजाचंच नाव. आपल्याकडे डोळ्यांत घालायच्या सुरम्यातही अनेकदा हेच खनिज असतं. १८२० च्या दशकात इथे खाणवाल्यांची झुंबड उडाली. बंदुकीच्या गोळ्या, रंग, नळ, सगळ्यालाच शिसं लागायचं. १८४० च्या दशकात तर देशातल्या शिशाचा मोठा वाटा याच भागातून यायचा. भट्ट्यांत वितळवलेल्या शिशाच्या लाद्या आगबोटींवर चढायच्या आणि सेंट लुईसकडे निघायच्या. गावातल्या नदीचं नाव मात्र होतं ‘फीवर रिव्हर’, म्हणजे तापाची नदी. पुढे तिलाही गॅलेना नदी म्हणू लागले.

हा माल आपल्याकडे वळवावा म्हणून १८३६ मध्ये ‘गॅलेना अँड शिकागो युनियन रेलरोड’ ही कंपनी निघाली. तेव्हा शिकागोला शहराचा दर्जासुद्धा नव्हता. नावात आधी गॅलेना, मग शिकागो, यातच सगळं आलं. पहिली गाडी धावायला १८४८ उजाडलं. शिकागोतून निघालेली ही पहिलीच रेल्वे, आणि तिचं ‘पायोनियर’ इंजिनही जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. रूळ १८५३ मध्ये फ्रीपोर्टपर्यंत आले आणि तिथेच थांबले. पुढचा मार्ग टाकला दुसऱ्याच कंपनीने, इलिनॉय सेंट्रलने. तिची गाडी १८५४ मध्ये गॅलेनात शिरली.

गावाला वाटलं, आता भरभराट. १८५५ मध्ये पाच मजली ‘डिसोटो हाऊस’ हॉटेल उघडलं. पुढच्याच वर्षी त्याच्या सज्जातून अब्राहम लिंकन यांचं भाषण झालं. आगींमध्ये लाकडी दुकानं जळाली होती, त्यांच्या जागी पक्क्या विटांच्या इमारती आल्या.

पण १८५५ मध्येच रूळ पुढे थेट मिसिसिपीच्या काठावर, डनलीथला गेले. मग गॅलेनाच्या धक्क्यावर माल उतरवायची गरज काय? त्यात १८४९ पासून खाणकामगार सोन्यापायी कॅलिफोर्नियाला पळत होते. भट्ट्यांसाठी डोंगरावरची झाडं तोडली गेली, माती वाहून आली आणि नदी गाळाने भरली. आगबोटींना वाटच राहिली नाही. सगळा दोष रेल्वेवर टाकला जातो, पण नदी गावानेच बुजवली होती.

१८६० मध्ये गावाची वस्ती आठ हजारांवर होती, नंतर ती ओसरत गेली. डिसोटो हाऊसचे वरचे दोन मजले १८८० मध्ये चक्क उतरवले. पैसा नसल्याने जुनं पाडून नवं बांधायला फारसं कुणी पुढे आलं नाही, म्हणून विटांचा मेन स्ट्रीट जवळजवळ तसाच राहिला. १८४६ चं मार्केट हाऊसही उभं आहे. तिथे खाली बाजार, वर नगरपरिषद आणि तळघरात तुरुंग, असा सोयीचा कारभार होता. यादवी युद्धातला सेनापती युलिसिस ग्रँट लढाईपूर्वी याच गावात वडिलांच्या चामड्याच्या दुकानात काम करायचा. १८६५ मध्ये गावकऱ्यांनी त्याला घर भेट दिलं, तेही बघायला मिळतं.

१९६९ मध्ये या जुन्या भागाची राष्ट्रीय वारसा नोंद झाली. आता गावाचं पोट पर्यटनावर चालतं. १८५७ चं रेल्वे स्टेशन शाबूत आहे. तिथून मालगाड्या जातात, प्रवासी गाडी मात्र थांबत नाही. पर्यटक येतात ते मोटारीने.